गुणाजीने वाटलेली विहीर

गुणाजीला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही आणि उजव्या कानाने, त्याच्याच शब्दांत सांगायचं तर, "वारा नसला तर" ऐकू येतं. पन्नास वर्षं विहिरींत बुड्या मारून मारून त्याचे कान गेले. दिवेआगरच्या अलीकडच्या आमच्या गावात घर तिथे माड-पोफळींची वाडी आणि वाडी तिथे विहीर. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की विहिरीचा गाळ काढावा लागतो, आणि विशीत असल्यापासून हे काम गुणाजीच करत आला. आता तो एकाहत्तरचा आहे.

त्याची उतरायची रीत ठरलेली. चपला लांब काढायच्या, विहिरीला हात जोडायचे, दोर दोनदा हिसका देऊन बघायचा आणि मग जांभ्याच्या खोबणींत पाय रोवत खाली जायचं. तळाला बुडी मारली की आधी तिथलं पाणी तोंडात घ्यायचं, वर येऊन बाजूला थुंकायचं आणि मगच घमेलं मागायचं. गाळात काय काय सापडे. चमचे, पोहरे, चपला, कुणाची कंबरपट्ट्याची साखळी. मिळेल ते तो कठड्यावर मांडून ठेवी. माझ्या आईची चांदीची जोडवी अकरा वर्षांनी त्याला आमच्या विहिरीत मिळाली. ती त्याने चिमटीत धरून आईपुढे केली आणि म्हणाला, "चहात साखर जास्त टाक." एवढंच.

त्याची बायको केसर त्याच्याशी हातवाऱ्यांनीच बोलते. "ओरडून ओरडून माझा गळा गेला, आता हातांना कामाला लावलंय," असं ती सांगते. दोघांना मूलबाळ नाही. घर लहान, अंगण मोठं.

या गुणाजीला दोन वर्षांपूर्वी एक न्याय करावा लागला. त्याला तो करायचा नव्हता.

कमळकाकूची वाडी आणि अल्पेशची वाडी एकमेकींना लागून. दोन्हींच्या हद्दीवर एकच विहीर. कमळकाकूच्या सासऱ्यांनी आणि अल्पेशच्या आजोबांनी ती मिळून खणली होती. एक दिवस या वाडीचं शिंपणं, दुसऱ्या दिवशी त्या वाडीचं. कमळकाकूचा नवरा धर्मा आणि अल्पेशचा बाप सदा यांनी जन्मभर हे पाळलं. रहाट जाऊन पंप आले तरी पाळलं.

मग २०२०च्या जून महिन्यात चक्रीवादळ आलं. दुपारपर्यंत दोन्ही वाड्या आडव्या झाल्या. माड मुळासकट उपटले, पोफळी काडीसारख्या मोडल्या. धर्माकाका वादळानंतर जेमतेम दीड वर्ष जगला. आजार होताच, पण पडलेल्या वाडीकडे पाहत बसायचं, हे त्याला जास्त बाधलं असावं. तो असतानाच कमळकाकूने पोफळीची सत्तेचाळीस रोपं लावून घेतली होती. सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. ती साठीला टेकलेली, पोरी लग्न होऊन माणगाव आणि पनवेलला. तरी रोज सकाळी ती एकेका रोपाच्या आळ्यात हात घालून माती ओली आहे का बघायची.

अल्पेशचा बाप सदा धर्माकाकाच्या आधीच गेला होता. अल्पेश खारघरला नोकरीला होता. टाळेबंदीत ती सुटली, तेव्हा तो बायकोला, अमिषाला, घेऊन गावी परतला. पडलेल्या वाडीच्या जागेत त्याने आधी दोन, मग सहा खोल्या बांधल्या. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईचे पाहुणे यायला लागले. पोरगा कष्टाळू, त्यात वाद नाही. पण रस्त्यापलीकडच्या होमस्टेवाल्याने पोहायचा टँक बांधला आणि पाहुणे तिकडे वळायला लागले, तसा अल्पेशनेही टँक बांधला. मोठा निळा टँक, एका टोकाला सिमेंटचा डॉल्फिन.

टँक भरायला पाणी लागतं. अल्पेशचा पंप आधी त्याच्या दिवशी दिवसभर चालायला लागला, मग रात्री उरलेलं भरून घ्यायला, मग कमळकाकूच्या दिवशीही. ती एकदा सकाळी पंप लावायला गेली तर पाइप नुसता खुळखुळ वाजला. पाणी तिच्या पाइपाच्या तोंडाखाली गेलं होतं.

"अल्पेश, आज माझा दिवस हाय ना रे?"

"काकी, आज बुकिंग फुल आहे. तुम्ही उद्या घ्या."

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी ती बोलायला गेली, तेव्हा अल्पेश टेप घेऊनच बाहेर आला. हद्दीच्या दगडापासून विहिरीच्या कठड्यापर्यंत त्याने मापं घेतली आणि वहीत लिहिली.

"हे बघा, विहिरीचा तीन-चतुर्थांश भाग माझ्या हद्दीत येतो. म्हणजे चार दिवसांतले तीन दिवस माझे. मी उगाच बोलत नाही, मोजून बोलतो."

"तुझ्या आजानं आणि माझ्या सासऱ्यानं विहीर खणली तवा टेप न्हवता," कमळकाकू म्हणाली. "त्यांनी गाळ डोक्यावर वाहिला."

"त्या वेळची गोष्ट वेगळी होती, काकी."

ती सरपंचांकडे गेली. दोन बैठका झाल्या. जमलेले म्हणाले, दोघांनीही थोडं सोडा. कमळकाकूकडे सोडायला होतं तरी काय? फाल्गुन लागला होता आणि रोपांची पानं टोकांना करपायला लागली होती. शेवटी ती बैठकीत म्हणाली, "गुणाजीभावोजींना बोलवा. त्या विहिरीत माझ्यापेक्षा आणि ह्याच्यापेक्षा जास्त वेळ तेच राहिलेत. ते सांगतील ते मी घेईन."

अल्पेश पटकन हो म्हणाला. बहिऱ्या म्हाताऱ्याला आपली बाजू कागदावर दाखवता येईल, असं त्याला वाटलं असावं.

रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण विहिरीवर जमलो. अल्पेशने वही पुढे केली. गुणाजीने ती उलटसुलट बघितली आणि परत दिली. कमळकाकू बोलायला लागली, तर त्याने हात वर केला.

"मला भांडण ऐकू येत न्हाय, वयनी. पानी कळतं. आधी आत जातो."

केसरने दोन्ही हात हलवून नको नको केलं. त्याआधी दोन वर्षं तो विहिरीत उतरला नव्हता. त्याने सदरा काढून तिच्याच हातात दिला आणि उतरला.

तो बराच वेळ आत होता. बुडी मारी, वर येई, थुंकी, पुन्हा बुडी मारी. प्रत्येक वेळी वेगळ्या खोलीवर. वर आला तेव्हा ओठ निळे पडले होते. केसरने टॉवेलने त्याचं डोकं खसाखसा पुसलं. तो पायरीवर बसला, दम घेतला आणि विचारलं, "अल्पेश, तू किती म्हणतोस?"

अल्पेशने तीन बोटं दाखवली. "चारातले तीन!"

"दिले."

कमळकाकूने पदर तोंडाला लावला.

"पण दिवस वाटायचे न्हाईत," गुणाजी म्हणाला. "पानीच वाटू." त्याने ओल्या दोरावरच्या हातभर अंतराच्या गाठी दाखवल्या. "आज आत आठ हात पानी हाय. वरचे दोन हात एकाचे, खालचे सहा हात दुसऱ्याचे. पानी उतरंल तसे ते वरचे दोन हात बी खाली सरकतील. ज्याचं वरचं, त्यानं पाइपाचं तोंड रिकाम्या डब्याला बांधून तरंगत ठेवायचं. ज्याचं खालचं, त्यानं पार तळाला सोडायचं. ज्यानं त्यानं आपलं कवाबी ओढावं. बोल, तुला कंचं?"

अल्पेश हसला. "काका, तीन हिस्से खाली आहेत ना? मग खालचं."

"इचार कर."

"विचार कसला त्यात?"

"पुन्ना इचारतो. वरचं हवं तर वरचं घे. मी वयनीला खालचं देतो."

"खालचंच," अल्पेश म्हणाला. "सगळ्यांसमोर ठरलं. आता काकींनी तक्रार करायची नाही."

त्याच दुपारी त्याने पाइप वाढवून तळाला सोडला.

लोक पांगल्यावर गुणाजी कमळकाकूच्या पडवीत गेला. तिने त्याला बस म्हटलं नाही. तो उभ्यानेच म्हणाला, "वयनी, आठ दिवस पंप लावू नको. रोपांना कळशीनं घाल. सकाळी लवकर, त्याचा पंप सुरू व्हायच्या आधी, वरचं वरचं भर."

"आता पंप तरी कशाला लावू?" ती म्हणाली. "दोन हात पाण्यात काय भिजतंय? तुम्ही तरी माझं बघाल, असं वाटलं होतं."

तिचं अर्धंच त्याला ऐकू आलं असेल. पण तोंड बघून बाकीचं कळलं. तो मान खाली घालून निघून गेला.

सत्तेचाळीस रोपं आणि एक बाई. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास तिने पोहरा सोडला तेव्हा शेजारी केसर येऊन उभी राहिली, कमरेला पदर खोचून, हातात स्वतःची कळशी. "माझ्या म्हाताऱ्याला अक्कल न्हाय," ती म्हणाली. "मी काल त्याला जेवायला बी वाढलं न्हाय. सरक, मी शेंदते, तू घाल." तिलाही गुणाजीने काही सांगितलं नव्हतं. दोघी रोज सकाळी दोन-दोन तास पाणी वाहायच्या. कमळकाकूचे खांदे दुखायला लागले, तेव्हा केसर तेल घेऊन यायची.

आणि गुणाजी? तो त्या दिवसांत रोज विहिरीवर जायचा. दुपारी, कुणी नसताना. वाकून ओंजळभर पाणी घ्यायचा, चाखायचा आणि परत जायचा. मला एकदा वाटेत भेटला तर चेहरा उतरलेला. मी काय झालं विचारलं. त्याने न ऐकल्यासारखं केलं. खरंच ऐकू आलं नसेल कदाचित.

चौथ्या दिवशी अमिषाचा सकाळचा चहा फाटला. तिने दूधवाल्याला बोल लावले. पाचव्या दिवशी दुसरीकडून दूध आणलं, तोही चहा फाटला. साबणाला फेस येईना. डाळ शिजता शिजेना. शनिवारी पुण्याचं एक मोठं कुटुंब उतरलं. टँकमधून बाहेर आलेली बाई डोळे चोळत अल्पेशला म्हणाली, "अहो, समुद्र तर समोरच आहे. टँकमध्येही त्याचंच पाणी भरता का?" संध्याकाळच्या आत ती माणसं रस्त्यापलीकडच्या होमस्टेत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्पेश बाटलीत पाणी भरून तरातरा गुणाजीच्या अंगणात आला. मी तिथेच होतो, माझा पोहरा दुरुस्त करून घ्यायला गेलो होतो.

"काय टाकलंत विहिरीत?" तो ओरडला. इतक्या जोरात की गुणाजीला नक्की ऐकू गेलं असावं. "चाखून बघा! खारट आहे नुसतं!"

गुणाजीने बाटली घेतली, घोट घेतला, बाजूला थुंकला.

"खारंच असायचं. तळाचं हाय ते."

"म्हणजे?"

"बस," गुणाजी म्हणाला. अल्पेश बसला नाही. गुणाजी बोलत राहिला. "पावसाचं गोडं पानी जमिनीत मुरतं. ते हलकं. समुद्राचं पानी जमिनीखालनं आत येतं, ते जड. गोडं वर, खारं खाली. आपल्या पट्टीतल्या समद्या विहिरी अशाच. जितकं जोरानं ओढशील तितकं खालचं वर चढतं. तुझ्या टँकपायी ह्या वर्षी खारं हातभर वर आलंय. मी उतरलो त्या दिवशी चाखलं. वयनीच्या रोपांची पानं उगा करपली न्हाईत."

"मग सांगायचं ना!" अल्पेशचा आवाज चिरकला. "त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं! मला तळाला पाइप सोडायला लावलात तुम्ही."

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतास?"

गुणाजीने बाटली त्याच्या हातात परत दिली.

"म्हणाला असतास, म्हातारा काकीची बाजू घेतोय. टँक भरतच राहिला असतास. पावसाच्या आधी विहीर दोघांची बी गेली असती. म्हणून म्हटलं, ह्याला तीन हिस्से हवेत, घेऊ दे. चवीनंच कळंल."

अल्पेश खाली बसला. हळूच म्हणाला, "बाबांना माहीत होतं का हे?"

गुणाजीला ऐकू आलं नाही. केसरने छातीशी हात नेऊन, आकाशाकडे बोट करून त्याला प्रश्न समजावला.

"सदाला?" गुणाजी म्हणाला. "तळाकडून तिसऱ्या थराच्या दगडाखाली त्यानं कधी पाइप जाऊ दिला न्हाय. माझ्यावर नजर ठेवून असायचा, गाळ काढताना बी तळ जास्त ढवळू नको म्हणून." मग तो म्हणाला, "पण तुला सांगायच्या आधीच तो गेला. तू लहानपणापास्नं बाहेर. आम्ही कुणी सांगायला हवं होतं ते राहिलं. ती चूक आमची."

अल्पेशने बाटलीतलं पाणी जमिनीवर ओतलं आणि उठून गेला. संध्याकाळी त्याने पाइप वर काढून गुंडाळून ठेवलेला मी पाहिला.

त्याच दिवशी गुणाजी पुन्हा कमळकाकूच्या पडवीत गेला. या वेळी केसर सोबत होती.

"वयनी, तुला सांगितलं असतं तर तुझं तोंड त्या दिवशी पडलं नसतं. मग त्याला शंका आली असती. म्हणून तुला बी रडवलं. चुकलं माझं."

कमळकाकू त्याला ऐकू जावं म्हणून तोंडाशी हात धरून मोठ्याने म्हणाली, "हातांना घट्टे पडले माझ्या!" आणि तळवे पुढे केले. गुणाजीने ते आपल्या दोन्ही हातांत घेतले. ती रडता रडता हसायला लागली.

पण गुणाजीचं काम संपलं नव्हतं. त्याने जुगार खेळला होता आणि ते त्याला ठाऊक होतं. तरुण असताना त्याने श्रीवर्धनच्या बाजूला पंपाने पुरती खारी झालेली एक विहीर पाहिली होती. तिच्याभोवतीचे माड उभ्या उभ्या सुकले होते. आपली विहीर पुन्हा गोडी होईल, असं त्याला वाटत होतं, पण खात्री नव्हती. त्याने दोन्ही पंप बंद ठेवायला सांगितले. लागेल तेवढं पाणी पोहऱ्याने, वरवरचं काढायचं.

वरचं पाणी तर सगळ्यांसमोर कमळकाकूचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अमिषा रिकामा हंडा घेऊन कुंपणापाशी उभी राहिली.

"उभी का?" कमळकाकूने विचारलं.

"काकी, ते... वरचं तुमचं आहे ना. विचारल्याशिवाय कसं..."

"पाण्याला काय इचारायचं? भर. आणि चहाला वेगळी कळशी ने, ती मी सकाळीच भरून ठेवलीय."

अल्पेश मात्र चार दिवस तिच्या समोर आला नाही. पाचव्या दिवशी पहाटे ती रोपांना पाणी घालायला गेली तर अर्ध्या आळ्यांत आधीच पाणी. पलीकडच्या टोकाला अल्पेश दोन हातांत दोन कळश्या घेऊन वाकलेला. तिला बघून तो सरळ झाला.

"त्या कोपऱ्यातल्याला जास्त लागतं," ती म्हणाली. "जमीन उंच हाय तिथली."

"बरं," अल्पेश म्हणाला.

पंप बंद केल्यापासून बाराव्या दिवशी गुणाजीने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं नाही, गिळलं. मग आणखी एक ओंजळ प्यायला. केसर काठावर उभी होती. त्याने तिच्याकडे बघून मान हलवली. ती तिथेच कठड्याला टेकून बसली. इतके दिवस त्याला नीट झोप नव्हती, हे तिलाच माहीत होतं.

पुढचा निवाडा दोघांनी आपापसात केला, कुणाला बोलवावं लागलं नाही. पूर्वीसारखं एक दिवसाआड पाणी. दोघांचेही पाइप डब्याला बांधून वर तरंगते. टँक पावसाळ्यातच भरायचा, एरवी कोरडा. अल्पेशचे काही पाहुणे गेले, काही राहिले. अमिषा जेवण चांगलं करते, माणसं त्यासाठी येतात. सिमेंटच्या डॉल्फिनवर आता चटया वाळत असतात.

वैशाखात गाळ काढायची वेळ आली. गुणाजी चपला काढायला लागला, तर अल्पेशने त्याचा दंड धरला.

"तुम्ही नाही. मी उतरतो. तुम्ही वरून सांगा."

"तुला पोहता येतं?"

"टँक बांधलाय ना मी," अल्पेश म्हणाला, आणि सगळे हसले, तोही.

तो उतरला. गुणाजी कठड्यावर पोटावर झोपून वरून ओरडत होता: "डाव्या अंगानं! तळ खरवडू नको! वरचाच घे, वरचाच!" अल्पेश खालून काय उत्तर देत होता ते गुणाजीला ऐकू येत नव्हतं, म्हणून केसर मधे उभी राहून हातांनी सांगत होती. घमेली वर येत राहिली, आम्ही ओढत राहिलो. दुपार झाली.

अल्पेश वर आला तेव्हा केसांपासून पायांपर्यंत काळा चिखल. अमिषा फोटो काढायला धावली. कमळकाकूने आधीच चुलीवर पाणी तापवलं होतं. तिने त्याला आपल्या मोरीपाशी दगडावर बसवलं आणि तांब्याने पाठीवर पाणी ओतायला लागली.

"पुरे, काकी. मी घेतो."

"गप बस. कानामागं बी हाय. वाक जरा."

अल्पेश वाकला.